उघडा राहिलेला प्रवाह

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास कराडच्या सेतू या फिटवरच्या उपचार केंद्रानं एका रुग्णाला जागा नाकारली. रुग्ण म्हणजे पाटणच्या शाळेतल्या एक शिक्षिका. आदल्या दिवशी त्यांच्या कानामागे बटण बसवलं होतं, टाके अजून ओले होते. केंद्राशी जोडणी तेवढी व्हायची होती, आणि पडद्यावर ओळ आली: प्रवाह उपलब्ध नाही.

डॉ. रझिया मुलाणी जिना उतरून केतकी वाळिंबेच्या खोलीत आल्या. केंद्राची सगळी संगणकप्रणाली केतकी एकटी सांभाळायची. चाळिशीची, अविवाहित, मोजकं बोलणारी. पुण्यातली नोकरी सोडून ती तीन वर्षांपूर्वी इथं आली होती.

"आपल्याकडे प्रवाह किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"सहा हजार."

"आणि रुग्ण?"

केतकीनं आकडा काढला. "पाच हजार सातशे अठ्ठ्याऐंशी."

"मग दोनशे बारा जागा खाल्ल्या कुणी?"

"बाईंना संध्याकाळपर्यंत थांबायला सांगा," केतकी म्हणाली.

सेतूचं काम समजायला अवघड नाही. फिट येण्याआधी साधारण वीस सेकंद मेंदूतल्या विद्युतलहरींचा ताल बदलू लागतो. माणसाला ते कळत नाही. कानामागच्या हाडात बसवलेल्या, रुपयाएवढ्या बटणाला कळतं. पण हा ताल खरोखरच बिघडतोय की माणूस नुसता दचकलाय, हे ठरवण्याइतकी अक्कल त्या बटणात मावत नाही. म्हणून ते जवळच्या कुठल्याही टॉवरमार्फत लहरी केंद्राकडे पाठवत राहतं. केंद्रातला संगणक त्या वाचतो आणि गरज पडली तर उलट्या दिशेनं एक बारीक स्पंद धाडतो. फिट उठण्याआधीच विरते. बटण अंगाच्या उबेवर चालतं, त्यामुळे ते कधी संपत नाही. हा जो दुतर्फा ओघ, त्याला केंद्रात प्रवाह म्हणत. एका रुग्णाला एक प्रवाह.

प्रत्येक उघड्या प्रवाहासाठी संगणकाला आपल्या स्मृतीतला एक कोपरा राखून ठेवावा लागतो, आणि असे कोपरे सहा हजारच होते. रुग्ण दगावला किंवा दुसऱ्या राज्यात गेला, की प्रवाह बंद करून त्याचा कोपरा मोकळा करायचा. तो केला नाही तर अडून राहतो. कुठं आवाज होत नाही, दिवा लागत नाही. एक दिवस जागा संपते, एवढंच.

दुपारपर्यंत केतकीला चूक सापडली. प्रणालीचा तो भाग बारा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिला होता, आणि लिहिणाऱ्यानं प्रवाह बंद करण्याची ओळ सगळ्यात शेवटी ठेवली होती. आधी फाइलवर 'बंद' असा शिक्का मारायचा, मग शेवटच्या लहरींची नोंद डिस्कवर उतरवायची, मग प्रवाह बंद करायचा. सगळं सुरळीत चाललं तर यात काहीच वावगं नव्हतं. पण नोंद उतरताना वीज गेली, डिस्क अडली, काहीही झालं, की संगणक तिथूनच बाहेर पडायचा आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोचायचाच नाही. स्वयंपाक झाला की गॅस बंद करायचा, असं ठरवलेल्या माणसाला अर्ध्या स्वयंपाकात वाईट बातमीचा फोन यावा आणि त्यानं तसंच घराबाहेर धावावं, तसं. फाइल म्हणायची बंद, प्रवाह उघडाच.

तिनं तो भाग नव्यानं लिहिला. प्रवाह उघडला त्याच क्षणी त्याच्या बंद होण्याची तजवीज करून ठेवायची. मधे काम नीट होवो, फसो, वीज जावो, बाहेर पडणारी प्रत्येक वाट त्याच एका दारातून न्यायची. बंद करण्याचाही क्रम ठरवला: वाटेत अडकलेल्या लहरी आधी पुढं पोचवायच्या, मग दुसऱ्या टोकाला कळवायचं, आणि मग सोडायचं. कारण ज्या मेंदूला स्पंदाची सवय झालीय त्याला अचानक तोडलं, तर एकामागून एक फिट येऊन माणूस जाऊ शकतो.

हे झाल्यावर तिनं ते दोनशे बारा प्रवाह एकेक करून पाहिले. दोनशे अकरा मुके होते, कित्येक वर्षं. ते तिनं बंद केले. साडेचार वाजता पाटणच्या बाईंना जागा मिळाली.

दोनशे बाराव्यातून लहरी येत होत्या.

प्रवाहाला नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. हा ५१७३. गेल्या चोवीस तासांत त्याला केंद्रानं तीन वेळा स्पंद पाठवला होता. टॉवर कारवारच्या बाजूचा. केतकीनं क्रमांकावरून फाइल काढली. निरंजन वसंत वाळिंबे. फाइल बंद: ऑगस्ट २०३६. कारण: बेपत्ता, संकेत नाही.

निरंजन तिचा थोरला भाऊ.

तिनं फाइल बाजूला सारून पुन्हा लहरी पाहिल्या. लहरी संथ होत्या. माणूस बहुधा बसला असावा, काहीतरी शांतपणे करत असावा.

* * *

सात वर्षांपूर्वी कोयनेला पूर आला त्या दिवशी निरंजन घरातून गेला. त्याची स्कूटर चार दिवसांनी जुन्या पुलाच्या खाली गाळात सापडली. केंद्राची बाहेरची जोडणी तेव्हा नऊ दिवस तुटलेली होती आणि डिस्कांच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं. पोलिसांनी विचारल्यावर तेव्हाच्या व्यवस्थापकांनी संकेत नाही असं लेखी दिलं, फाइल बंद केली. नोंद उतरली नाही. दहाव्या दिवशी जोडणी आली तेव्हा ५१७३ उघडाच होता. संगणकाला नाव माहीत नव्हतं. लहरी आल्या, त्यानं काम सुरू केलं.

निरंजनच्या बायकोनं, गौतमीनं, सात वर्षं वाट पाहिली. गेल्याच महिन्यात न्यायालयानं त्याला मृत मानावं असा निकाल दिला होता. सत्तावीस नोव्हेंबरला तिचं उमाकांत देसाई नावाच्या माणसाशी लग्न ठरलं होतं. आमंत्रणाच्या पहिल्या पत्रिकेवर केतकीचं नाव होतं.

डॉ. मुलाणींनी फाइल दोनदा वाचली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सोमवारी तुझी नवी प्रणाली चालू होणार. चालू फाइल नसलेला प्रवाह ती ठेवणार नाही."

"नाही ठेवणार."

"मग फाइल चालू करू."

"रुग्णाच्या सहीशिवाय करता येत नाही, मॅडम."

"आणि रुग्णाचा ठावठिकाणा आपण नातेवाइकांना सांगू शकत नाही. तुला कळला तो कामामुळे. केतकी, तू आत्ता इथं बहीण म्हणून उभी आहेस की कर्मचारी म्हणून?"

"कर्मचारी म्हणून काय करायचं ते माहीत आहे," केतकी म्हणाली. "दुसऱ्या टोकाला कळवायचं."

बटणाला थरथरता येतं. तीन लांब थरथरी म्हणजे केंद्राशी ताबडतोब संपर्क साधा, असं प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवशी शिकवतात. बुधवारी सकाळी दहा वाजता केतकीनं ५१७३ ला तशी सूचना पाठवली. लहरींमध्ये एक उंच काटा उठला. तो दचकला होता. नंतर दोन तास लहरी शांत झाल्या नाहीत.

फोन गुरुवारी दुपारी आला, डॉक्टरांच्या टेबलावर. त्यांनी नियमाप्रमाणे ओळख पटवली, सूचना कशासाठी होती ते समजावलं. मग म्हणाल्या, "तुमची बहीण इथंच काम करते. बोलायचंय? नसेल बोलायचं तर मी काही सांगणार नाही."

पलीकडून 'द्या' असं आलं. केतकी दाराशी उभी होती. डॉक्टरांनी फोन तिच्याकडे दिला आणि खोलीबाहेर गेल्या.

"केतू?"

"बोल, दादा."

"तू तिथं कधीपासून?"

"तीन वर्षं."

"आई कशी आहे?"

"आई गेली. चार वर्षं झाली."

फोनमध्ये मागं कसलंतरी यंत्र घरघरत होतं. ते चालूच राहिलं. निरंजन बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता.

"मला कुणी कळवलं नाही."

"कुणाला कळवणार? तू मेला होतास."

"मी? केतू, काय बोलतेस?"

"स्कूटर नदीत सापडली. आठवडाभर बोटी फिरवल्या. तुझा फोटो पेपरात आला."

"मी स्कूटर पुलाजवळच्या टपरीला लावली आणि चालत स्टँडवर गेलो. बेळगावची गाडी लागली होती." तो अडखळला. "पहिले नऊ दिवस इथं रोज फिट यायची. खोलीत एकटाच पडून असायचो. दहाव्या दिवशी थांबली. मी म्हटलं, केंद्राला कळलं मी कुठं आहे ते. म्हणजे घरीही कळलं असणार. महिनाभर रोज वाटायचं, आज कुणीतरी येईल. नाही आलं. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही मला राहू दिलंय."

केतकी खुर्चीत बसली.

"का गेलास?"

"तुला नाही कळायचं."

"सांगून बघ."

"पंधरा वर्षं मला फिट यायची. आई न्हाणीघराच्या दाराशी उभी राहायची. गौतमी जेवताना ताटाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघायची. मग बटण बसलं, फिट थांबली. दोन वर्षं एकही नाही. तरी आई दाराशी उभीच. तरी गौतमी तोंडाकडे बघतेच. मी बरा झालो होतो, केतू, आणि घरात ते कुणालाच जमत नव्हतं. मला अशा ठिकाणी जायचं होतं जिथं मला फिट येते हे कुणाला माहीतच नाही. इथं बोटींना बर्फ देणारा कारखाना आहे. मी यंत्रावर असतो. मला इथं नुसता निरंजन म्हणतात."

"एक चिठ्ठी लिहायची."

"लिहायला बसलो होतो."

तिनं पुढं विचारलं नाही. सोमवारचं सांगितलं. फाइल चालू करायची तर त्याला कराडला येऊन सही करावी लागेल. मग प्रवाह हुबळीच्या केंद्राकडे देता येईल. कारवार त्यांच्या हद्दीत येतं. आला नाही तर सोमवारपासून स्पंद हळूहळू कमी होत तीन दिवसांत थांबतील. तिनं गौतमीच्या लग्नाचंही सांगितलं.

"मग मी नाही येत," निरंजन पटकन म्हणाला. "लग्न होऊ दे तिचं. महिनाभर ठेव ना चालू. तुझ्या हातात आहे."

"माझ्या हातात आहे."

"मग?"

"फाइलमध्ये खोटं लिहून ठेवू? आणि तिला तुझी विधवा म्हणून लग्नाला उभं राहू देऊ, मला माहीत असताना? नाही जमणार. तू तिला सांग, नाहीतर मी सांगते. नोकरी गेली तर जाऊ दे."

यंत्राची घरघर थांबली. कुणीतरी कानडीत त्याला हाक मारली. त्यानं उत्तर दिलं, मग पुन्हा फोनवर आला.

"तूच सांग," तो म्हणाला.

* * *

गौतमी बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडून किती उगवले ते मोजायचं, हे तिचं काम. केतकी गेली तेव्हा तिच्यापुढं हरभऱ्याचा ट्रे होता.

"वहिनी, दादा जिवंत आहे."

गौतमीच्या हातातला चिमटा हवेत थांबला. मग तिनं मोजणी पुढं चालू केली. ट्रे पूर्ण झाला. तिनं कागदावर एक्याण्णव लिहिलं, चिमटा पुसून ठेवला.

"कुठं?"

केतकीनं सगळं सांगितलं, कारवारपासून बेळगावच्या गाडीपर्यंत. गौतमीनं मधे एकदाही अडवलं नाही.

"तब्येत?"

"चांगली आहे."

"फिट?"

"पहिले नऊ दिवस. त्यानंतर एकही नाही."

"सात वर्षांत एकही नाही." गौतमीनं मान हलवली. "म्हणजे सात वर्षांत एकही दिवस असा नव्हता, की ज्या दिवशी त्याला फोन करता आला नसता."

गौतमीनं ट्रे बाजूला सरकवला.

"मी नदीवर जायचे, माहीत आहे तुला? दर अमावास्येला. कुणीतरी सांगितलं होतं म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "आई जाताना मला म्हणाल्या, तू त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं होतंस. मी हो म्हटलं."

"वहिनी, तो येत नाही म्हणतोय. तुझं लग्न होऊ दे म्हणतोय."

"किती चांगला आहे." गौतमी उठली, हात धुतले, नॅपकिनला पुसले. "त्याला सांग, ये. उमाकांतना मी सांगते. मला मेलेल्या माणसाची बायको म्हणून लग्न करायचं नाही. आता माहीत झाल्यावर तर नाहीच. त्यानं यावं, माझ्यासमोर बसावं आणि संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जावर सही करावी. वकील म्हणतील तेवढे महिने थांबेन मी. सात वर्षं थांबलेय."

"नाही आला तर?"

"तर तू तुझ्या नियमानं कर." ती पुन्हा ट्रेकडे वळली, आणि लगेच परत फिरली. "नाही. तसं करू नकोस. त्याला कसंही करून आण."

* * *

तो रविवारी आला. केस पांढरे, रंग उन्हानं काळवंडलेला, दंड भरलेले. स्टँडवर केतकीनं त्याला चालीवरून ओळखलं. दोघं मिठी वगैरे मारणारी भावंडं नव्हती. तिनं त्याची पिशवी घेतली. तो रिक्षातून जुन्या पुलाकडे बघत राहिला.

सोमवारी सकाळी वकिलांच्या कचेरीत गौतमी आधीच बसली होती. निरंजन समोर बसला. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा ती म्हणाली, "आधी सही." त्यानं पाच ठिकाणी सह्या केल्या. वकिलांनी सांगितलं, जुना निकाल मागं घ्यावा लागेल, नवा अर्ज होईल, चार-पाच महिने धरा. गौतमीनं मान डोलावली.

"आता बोल," ती म्हणाली.

निरंजननं खूप विचार केला. "माझं चुकलं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

अकरा वाजता केंद्रात हस्तांतराची तयारी झाली. फाइल चालू झाली होती, हुबळीनं जागा राखली होती. अडचण एकच होती. बटण एका वेळी एकाच केंद्राचं ऐकतं. त्यामुळे कराडचा प्रवाह आधी पूर्ण बंद व्हायला हवा, मग हुबळीचा उघडणार, आणि नव्या संगणकाला त्या मेंदूचा ताल शिकायला थोडा वेळ लागणार. मधली मिनिट-दोन मिनिटं माणूस उघडा असतो. म्हणून हस्तांतर खाटेवर, डॉक्टरांसमोर करतात, आणि ओळखीचं एक माणूस जवळ लागतं. केतकीला यंत्रावर बसायचं होतं. कराडात निरंजनचं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"मी थांबते," गौतमी म्हणाली. वकिलांकडून ती त्यांच्यासोबतच केंद्रात आली होती; जिन्यापर्यंत गेलेली परत आली.

काचेच्या पलीकडून केतकीला खाट दिसत होती. निरंजन उताणा पडला होता, छताकडे बघत. डॉ. मुलाणींनी हात वर केला. केतकीनं आदेश दिला. वाटेतल्या लहरी पोचल्या. बटणाला सूचना गेली, तिथून पोच आली. सात वर्षं दोन महिने जास्तीचा उघडा राहिलेला ५१७३ बंद झाला आणि त्याचा कोपरा मोकळा झाला. पडद्यावरची रेघ सपाट झाली.

विसाव्या सेकंदाला निरंजनचा डावा हात ताठ झाला.

डॉक्टर पुढं झाल्या, पण गौतमी त्यांच्या आधी पोचली होती. तिनं त्याचा चष्मा काढला. ओढणीची घडी त्याच्या डोक्याखाली सरकवली, खांद्याला आणि कमरेला हात घालून त्याला कुशीवर वळवलं, गळ्याशी गुंडी होती ती सोडली. त्याचं अंग झटके देऊ लागलं तेव्हा तिनं त्याला धरलं नाही. एक हात नुसता पाठीवर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. डॉक्टर हातात इंजेक्शन घेऊन उभ्या होत्या. केतकीचा हात कळफलकावर होता आणि करण्यासारखं काही नव्हतं. हुबळीकडून 'जोडणी चालू' असं आलं, मग 'शिकत आहे', मग पुन्हा 'शिकत आहे'.

मग पलीकडून पहिला स्पंद गेला. झटके विरळ झाले, थांबले. निरंजनचा श्वास मोठ्यानं वाजू लागला.

"एक मिनिट चाळीस," गौतमी डॉक्टरांना म्हणाली. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

पंधरा-वीस मिनिटांनी त्यानं डोळे उघडले. कुठं आहोत ते कळायला त्याला वेळ लागला. गौतमी खुर्चीत बसली होती.

"आली होती?" त्यानं विचारलं.

"आली होती." तिनं चष्मा त्याच्या हातात दिला. "तिकडे कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"सांग. शेजाऱ्याला सांग, कारखान्यात सांग. यंत्रावर असतोस ना. हे सगळं बंद पडू शकतं, बघितलंस आत्ता." ती उठली. ओढणी खाटेवरच राहिली होती. ती तिनं घेतली नाही. डॉक्टरांना नमस्कार करून ती जिना उतरून गेली. पावलं शेवटपर्यंत ऐकू आली.

केतकी आत आली, खाटेच्या कडेला बसली. निरंजन दाराकडे बघत होता.

"कागद आहे?" त्यानं विचारलं.

तिनं टेबलावरचं पॅड आणि पेन दिलं. त्यानं गुडघ्यावर पॅड ठेवलं, तारीख घातली, आणि थांबला.

"काय झालं?"

"काय सांगायचं असतं लोकांना? मला माहीत नाही, केतू. मी कधी बघितलंच नाही."

तिलाही नीट माहीत नव्हतं. घरी असताना ती दुसऱ्या खोलीत जायची. पण आता काचेतून पाहिलं होतं.

"आधी चष्मा काढायचा," ती म्हणाली, आणि तो लिहू लागला.